आगंतुक जाती आणि गोड्या पाण्यातील मासेमारी : पवई तलावाचा धडा

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबई उपनगरात अंधेरीहून पूर्वेकडे निघाले म्हणजे साकीनाक्यानंतर थोड्याच अंतरावर पवईचा विस्तीर्ण तलाव दृष्टीस पडतो. १८९१ साली शहराला पिण्याचे पाणी मिळावे या हेतूने तो बांधण्यात आला. परंतु पाण्याचा दर्जा हलका ठरल्याने तो हेतू फार काळ टिकला नाही आणि पुढे हे पाणी उद्योग, बागा व आरे दुग्ध वसाहत यांच्या वापराकडे वळले. विहार आणि तुळशी ही पवईची दोन भावंडे. त्यांचे पाणलोट क्षेत्र राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सुरक्षित राहिले. पवईच्या भोवती मात्र वसाहती, कारखाने आणि रस्ते उभे राहिले. आजच्या विषयाचे मूळ या फरकातच आहे.

पिण्याच्या कामी न आलेल्या या तलावाने मुंबईकरांना दुसरे एक सुख दिले. ते म्हणजे गळाने मासे धरण्याचे. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, तोच हा छंद. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही हौशी मंडळींची जुनी संस्था याच तलावाच्या काठी आहे. हातात काठी, पाण्यात दोरी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर खिळलेली नजर अशा अवस्थेत तासन् तास बसणारा माणूस इतरांना रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तलावाच्या प्रकृतीची इतकी बारकाईने नोंद घेणारा दुसरा निरीक्षक मिळणे कठीण. पाण्याचा रंग कधी पालटला, वास कधी येऊ लागला, गळाला कोणता मासा लागेनासा झाला आणि कोणता वारंवार लागू लागला, हे त्याला सर्वांच्या आधी कळते.

अशा निरीक्षकाला पवईत दोन आगंतुक प्रामुख्याने भेटतात. एक आहे वनस्पती आणि दुसरा आहे मासा.

जलपर्णीचे आक्रमण

पहिला आगंतुक म्हणजे जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली आणि तेथील नद्या-नाले तिने असे व्यापले की, १९३६ साली बंगालच्या विधिमंडळाला तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल परिस्थितीत तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिला बियांवाचून आडव्या फुटव्यांनी वाढता येते. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जीव धरून राहू शकते.

या वनस्पतीची दाट चादर पाण्यावर पसरली म्हणजे गळ टाकायला मोकळी जागा उरत नाही आणि टाकलेली दोरी मुळांत गुंतते. पण ही झाली वरवरची अडचण. खरी हानी चादरीखाली होते. सूर्यप्रकाश अडतो. प्रकाशावर जगणारे सूक्ष्म शेवाळ कमी होते, तेव्हा ते खाऊन वाढणाऱ्या माशांचे अन्नच तुटते. सडलेली पाने तळाशी जाऊन कुजतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. रात्री प्राणवायूची निर्मिती थांबलेली असते, म्हणून पहाटेच्या वेळी ही उणीव सर्वाधिक जाणवते. अशा पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात. ते दृश्य गमतीचे नसून धोक्याची सूचना देणारे असते.

जलपर्णी पवईत एवढी माजते, त्याचे कारण केवळ तिच्या अंगच्या जोमात नाही. तलावात येणारे सांडपाणी म्हणजे नत्र आणि स्फुरद यांचे खतच होय. शेतकरी पिकाला खत देतो, तसे नागरी वस्ती तलावातल्या तणाला न कळत खत देत असते. महानगरपालिका यंत्रे लावून जलपर्णी काढते. या वनस्पतीच्या वजनात शेकडा नव्वदांहून अधिक भाग पाण्याचा असतो. म्हणजे काढणीच्या आणि वाहतुकीच्या खर्चाचा मोठा हिस्सा पाणी वाहून नेण्यावरच होतो. इतके करूनही खत चालूच राहिले, तर मोकळी झालेली जागा पुन्हा भरण्यास वेळ लागत नाही. तलावात येणारे सांडपाणी बाहेर वळविण्याची व शुद्ध करण्याची कामे महानगरपालिकेने हाती घेतली, ती म्हणूनच काढणीच्या कामाहून अधिक महत्त्वाची आहेत.

जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८० नंतरच्या दशकात परदेशातून आणून, पूर्ण चाचणीअंती, भारतात सोडण्यात आले. काही जलाशयांत त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु खताने माजलेल्या पाण्यात ही वनस्पती भुंगेऱ्यांच्या भुकेपेक्षा वेगाने वाढते, असा अनुभव आहे. रोगाचे मूळ तसेच ठेवून केवळ औषध बदलल्याने गुण येत नाही.

चिलापी : सोय म्हणून आली, कायमची राहिली

दुसरा आगंतुक म्हणजे टिलापिया. महाराष्ट्रातील मच्छिमार त्याला ‘चिलापी’ म्हणतात. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला हा मासा १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणण्यात आला. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, हा हेतू निश्चितच चांगला होता. परंतु त्याचे दुसरे रूप लवकरच ध्यानात आले आणि १९५९ मध्ये भारतीय मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. तोवर मासा पसरला होता.

त्याच्या यशाचे रहस्य समजण्यासाठी हौशी गळवाल्यांच्या आवडत्या माशांशी त्याची तुलना करावी. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. देशभर मत्स्यबीज तयार होऊ लागले ते त्यानंतर. तलावात हे मासे टिकवायचे तर पैसे खर्चून बोटुकली पुन्हा पुन्हा सोडावी लागते.

चिलापीला यातले काहीच लागत नाही. साचलेल्या पाण्यात, अवघ्या दोन-तीन महिन्यांच्या वयात, वर्षातून अनेकदा ती प्रजनन करते. मादी अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळते, त्यामुळे त्यांतील बरीच वाचतात. गर्दी झाली की चिलापीची वाढ खुंटते आणि तलाव बोटभर लांबीच्या असंख्य माशांनी भरतो. हे मासे इतरांच्या अन्नावर हात मारतात, त्यांची अंडी व पिल्लेही खातात. गळवाल्याचे आमिष तळाशी पोहोचण्यापूर्वीच ते टोचून फस्त करतात आणि मोठ्या रोहूची वाट पाहणाऱ्याच्या हाती येते ती तळहाताएवढी चिलापी.

येथे दोन्ही आगंतुकांचा परस्परांशी असलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. सांडपाण्याने आणि जलपर्णीने पाण्यातील प्राणवायू घटला की रोहू-कटला प्रथम हार खातात. चिलापी मात्र तेच पाणी सोसते. म्हणजे एका आगंतुकाने दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून दिल्यासारखे होते.

परके म्हणजे शत्रू नव्हे

या विवेचनातून बाहेरचे ते सर्व वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रोहू, कटला आणि मृगळ हेदेखील मूळचे मुंबईचे नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातून आलेले आहेत. परंतु साचलेल्या तलावात त्यांची संख्या माणसाच्या हाती राहते. आपल्या हाताबाहेर जाऊन इतरांची जागा बळकावणारी जात ती आक्रमक जात होय.

त्याचप्रमाणे, एकदा स्थिरावलेल्या आक्रमक जातीचा प्रश्न केवळ माशांचा राहत नाही. उजनीसारख्या जलाशयात चिलापीवर आज अनेक मच्छिमार कुटुंबांची चूल पेटते. तेथे ती नाहीशी करणे शक्यही नाही आणि त्या कुटुंबांच्या दृष्टीने न्याय्यही नाही. म्हणूनच निर्णयाची खरी वेळ ती जात पाण्यात पडण्यापूर्वीची असते.

जपानमधील बिवा सरोवराचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत गळाने धरण्यासाठी अत्यंत लोकप्रिय असलेला बास मासा १९२५ साली जपानमध्ये नेण्यात आला. पुढे १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तत्कालीन युवराज अकिहितो यांना ‘ब्ल्यूगिल’ मासे भेट दिले आणि त्यांनी ते संशोधनासाठी मत्स्य संस्थेकडे सोपविले. कालांतराने या दोन्ही जाती बिवा सरोवरात पसरल्या व तेथील देशी माशांना भारी पडल्या. स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक असलेल्या सम्राट अकिहितो यांनी २००७ साली या गोष्टीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. गळाला लागलेला बास किंवा ब्ल्यूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास तेथील शिगा प्रांताने २००३ पासून मनाई केली आहे. अमेरिकेत जो मासा गळवाल्यांच्या गळ्यातला ताईत आहे, तोच बिवा सरोवरात उपद्रवी ठरला. मासा तोच, पाणी बदलले.

दार राखण्याचे काम

पवईच्या अनुभवातून खेड्यापाड्यांतील तळी, पाझर तलाव आणि धरणे यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट पंचायत सदस्यांसाठी. गावतळे मासेमारीस देताना कोणते बीज सोडले जाणार, हे करारात नमूद करावे आणि सोडण्याच्या दिवशी ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. झपाट्याने वाढणारा म्हणून जो ‘विदेशी मांगूर’ विकला जातो, त्या आफ्रिकी माशाच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली असून, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्याविरुद्ध आदेश दिले आहेत. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, अत्यंत घाण पाण्यात जगतो आणि इतर मासे गिळून टाकतो. पावसाळ्यात शेततळे ओसंडले तर तो ओढ्यात शिरावयास वेळ लागत नाही. देशी मागूर वेगळा व उपयुक्त आहे. नावाच्या साम्याने फसू नये.

दुसरी गोष्ट आरोग्य व विकास अधिकाऱ्यांसाठी. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौद, टाक्या व बंदिस्त डबकी यांत उपयोगी आहेत. परंतु जेथे देशी लहान मासे अळ्या खातच आहेत, अशा नैसर्गिक तळ्यांत व ओढ्यांत ते सोडण्याचे प्रयोजन नाही. तसेच तलावातील तण काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात ‘तलावात येणारे सांडपाणी कोठून येते व ते कसे थांबणार’ हा प्रश्न प्रथम विचारला जावा.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. घरातील काचेच्या पेटीतले मासे मोठे झाले किंवा कंटाळा आला, म्हणजे मुले दयाबुद्धीने ते जवळच्या तलावात सोडतात. पेटीची काच स्वच्छ ठेवणारा चूषक मुखाचा काळपट मासा अशाच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत पोहोचला आहे. त्याच्या अंगावरील कठीण कवचामुळे जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. अशा माशाला तलावात सोडणे ही दया नव्हे. तो दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, एवढे एक वाक्य जरी प्रत्येक वर्गात सांगितले गेले, तरी मोठे काम होईल.

कायद्याचे पाठबळही आता उपलब्ध आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. या नोंदवहीत गावातल्या पाण्यात आज कोणते मासे आहेत हे लिहून ठेवले, तर उद्या नवा आगंतुक येताच तो ओळखता येईल. ही माहिती कोणाकडे मागावयाची? वर्षानुवर्षे त्या पाण्याच्या काठी गळ टाकून बसणाऱ्यांकडे आणि जाळे टाकणाऱ्यांकडे. त्यांना समितीच्या बैठकीस अगत्याने बोलवावे.

पवईला आपले पूर्वीचे रूप परत मिळवून देण्यासाठी दीर्घकाळ पैसा आणि श्रम वेचावे लागतील. ज्या गावतळ्यांत अजून जलपर्णीचे एकही रोप नाही आणि विदेशी मांगुराचे एकही पिल्लू नाही, त्यांना तो खर्च टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी यंत्रांची किंवा मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यात तळ्यावर बीजाच्या पिशव्या येतील, त्या दिवशी पंचायतीचा एक सदस्य काठावर हजर राहिला आणि त्याने पिशवीत काय आहे ते पाहूनच ती सोडू दिली, तरी या कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.