मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, तुमची मुलगी नांदेडला नर्सिंग शिकते, तर यंदा त्यावर चार शब्द बोला. मी सातवी पास. पुढची शाळा आमच्या गावात नव्हती, आणि नंतर लग्न झाले. उभे राहून बोलण्याचा सराव नाही, म्हणून वहीत लिहून आणले आहे तेच वाचते. औषधपाण्याचे जे आहे ते मुलीने तपासून दिले आहे. बाकीच्या चुका माझ्या, त्या पदरात घ्याव्यात.

आपल्या लातुरात बारावी म्हटले की डॉक्टर नाही तर इंजिनियर, तिसरे नाव कोणी काढीत नाही. ‘लातूर पॅटर्न’ ऐकून परजिल्ह्यातली मुले इथे खोल्या करून राहतात. माझ्या मुलीने नर्सिंगचे नाव काढले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं माय, दुसऱ्याचं घाण काढायला का शिकवालीस लेकराला?” मी उत्तर दिले नाही. पुढच्याच वर्षी खुब्याचे हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादरीला चुणी का राहू द्यायची नाही, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय पाहायचे, हे सगळे मला मुलीने फोनवरून शिकवले. मग त्याच शेजारणींना सांगू लागल्या, “पोरगी शहाणी हाय आमची.” असो.

प्रवेशाचे थोडक्यात सांगते. ए.एन.एम. दोन वर्षांचे आणि जी.एन.एम. तीन वर्षांचे असते, ते आपल्या ओळखीचे. बी.एस्सी. नर्सिंग ही त्याहून मोठी पदवी, चार वर्षांची आणि आठ सत्रांची. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पुरी झालेली असावी लागतात. राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडलाच असले तरी ही पदवी मिळते ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे मला फार दिवस समजत नव्हते.

कागदांच्या यादीत एक कागद होता, मुलगी प्रकृतीने सुदृढ असल्याच्या डॉक्टरी दाखल्याचा. मला वाटले, शाळेत मागतात तसली ही एक रीत. पण तसे नव्हते. आजाऱ्याजवळ बारा महिने वावरणारीला आजाराचा धोका पहिला. सावित्रीबाई फुल्यांचे मरण आपण जयंतीला सांगतो, पण त्याचा असा विचार मी केला नव्हता. १८९७ साली पुण्याच्या प्लेगात एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी दवाखान्यात आणले, तोच प्लेग त्यांना झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. सेवा करणारीचे शरीरही शरीरच असते.

आता मुलींना हिपॅटायटिस बी नावाच्या काविळीची लस घ्यावी लागते. गळ्यात माळ घालून उतरवतात म्हणतात, तसल्यातली ही कावीळ नव्हे. ही रक्तातून येते आणि लिव्हर कायमचे खराब करू शकते. तीन इंजेक्शने असतात. पहिले घेतले की महिन्याने दुसरे, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरे. दोन घेऊन तिसरे विसरणाऱ्या मुली पुष्कळ, कारण सहा महिन्यांत सगळा उत्साह गेलेला असतो. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तारीख लिहून ठेवली होती.

सुईचेही असेच. मुलीच्या खोलीतल्या एका मैत्रिणीला पहिल्या वर्षी वापरलेली सुई टोचली. ओरडा बसेल म्हणून तिने बोट तोंडात घातले आणि गप्प राहिली. रात्री रडू लागली तेव्हा कळले. भगिनींनो, बोट तोंडात घालायचे नाही, दाबून रक्तही काढायचे नाही. साबणपाण्याने धुवायचे आणि तत्काळ वरिष्ठ सिस्टरला सांगायचे. एच.आय.व्ही.चा संशय असेल तर औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करतात, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरीत नाहीत, आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. लाजेत गेलेली एक रात्र केवढी महाग पडली असती! त्या रोग्याचे रक्त तपासणीत स्वच्छ निघाले, पोर वाचली. आपल्या मुलींना आपण लहानपणापासून ‘गप्प बस’ शिकवतो. तिथे गप्प बसणे हाच धोका.

हात धुण्याची तर मला गंमतच वाटली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते आठवते ना? भांडी विसळलेले पाणी झाडाला घालणारी माझी मुलगी आता साबण लावून चाळीस ते साठ सेकंद हात धुते. सुटीत घरी आली की मी नळाकडे बघते, ती माझ्याकडे बघते.

आता जरा नाजूक गोष्ट. दुसऱ्या वर्षी एका कॉलेजात सगळ्या मुलींची तपासणी झाली. ते चांगलेच झाले. पण दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. नाव, वजन, हिमोग्लोबिन, आणि शेवटच्या रकान्यात पाळीची तक्रार असेल तर तीही. कोणीतरी तिचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲपवर टाकला, त्या वर्गात मुलेही होती. एका मुलीने आठ दिवस जेवणघरात येणे सोडले. आम्हा पालकांपैकी चौघीजणी भेटायला गेलो. मी इतकेच विचारले, “सर, रोग्याचं गुपित राखायचं तुम्ही शिकवता, मग आमच्या लेकरांचं भिंतीवर कशाला?” यादी त्याच दिवशी निघाली. बाहेर आल्यावर माझे पाय लटपटत होते, हे सांगायला हरकत नाही.

त्या भेटीआधी मुलीने मला एक वाचून दाखवले होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमातच लिहिले आहे, की विद्यार्थिनींची दरवर्षी तपासणी व्हावी, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी ची लस मिळावी, आजारपणात फुकट उपचार किंवा विमा असावा आणि प्रत्येकीच्या प्रकृतीची नोंद ठेवावी. म्हणजे हे उपकार नव्हेत, मागून घ्यायचे असते. आम्ही अर्ध्याहून अधिक आया हे ऐकून चकित झालो.

आता यंत्रांकडे येते. दुसऱ्या सत्रात त्यांना आरोग्याची माहिती संगणकावर कशी ठेवायची हा एक विषयच असतो. बाहुल्यावर इंजेक्शन शिकायचे, नोंदी संगणकात करायच्या, फॉर्म सगळे ऑनलाइन. आमच्या घरी एकच मोठा फोन होता. शेवटी भिशीचा माझा नंबर लागला तेव्हा जुना लॅपटॉप घेतला. यजमान म्हणाले, फ्रिज घेऊ. फ्रिज अजून जुनाच आहे.

पासवर्ड म्हणजे काय ते मुलीने मला बचत गटाच्या पेटीवरून समजावले. आपल्या पेटीच्या किल्ल्या निरनिराळ्या बायकांकडे असतात, एकीने आपली किल्ली दुसरीला दिली आणि पैसे कमी भरले तर जाब कोणाला? तसेच तिच्या पासवर्डने मैत्रिणीने चुकीचे औषध लिहिले, तर ते हिने लिहिले असेच धरतात. वॉर्डात फोन काढायचा नाही हा नियमही तिने मला सांगितला होता. चांगला सांगितला होता.

आणि इथेच माझी चूक आहे. ती सांगितल्याशिवाय खाली बसले तर हे भाषण खोटे होईल.

नर्सिंगच्या मुलींचा दिवा हाती घेऊन शपथ घेण्याचा कार्यक्रम असतो. १८९३ साली अमेरिकेत लिहिलेली ती शपथ, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाची. सेवेत असताना रोग्याचे आणि त्याच्या घरचे जे कानावर येईल ते बाहेर न सांगण्याचे वचन तिच्यात असते. मी त्या कार्यक्रमाला गेले होते. पांढऱ्या कपड्यातली पोर पाहून डोळे भरून आले. नंतर दोन महिन्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मी अहमदपूर-लोह्यावरून एस.टी.ने तिच्याकडे गेले. ती एका दवाखान्यात ड्यूटीवर होती. मी थेट वॉर्डात शिरले, आणि ती एका बाईचा रक्तदाब पाहत असताना दारातून फोटो काढला. तिला कळलेही नाही. बसमध्ये बसल्या बसल्या तो मी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ‘आमची सिस्टर’ असे खाली लिहिले.

आपण सगळ्यांनी त्याला हात जोडले, फुले टाकली. मलाही फार बरे वाटले. पण फोटोत ती बाईही होती आणि वॉर्डाची पाटीही होती. क्षयाचा वॉर्ड होता तो. आपल्यापैकीच कोणाच्या तरी नात्यातून तो फोटो पुढे गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या सासरी पोहोचला. तिने सासरी माहेरी जाते म्हणून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी नवरा आला आणि तिला घेऊन गेला. क्षयाचे औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते, मध्ये सोडले तर आजार उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. नियमाप्रमाणे दवाखान्यातून तिच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवले गेले असेल. तिचे पुढे काय झाले ते मला विचारता येत नाही, आणि विचारले तरी मुलगी सांगणार नाही. तिचे बरोबरच आहे.

मुलीला बोलावून घेतले. फोटो आईने काढला हे तिने सांगितले नाही, ‘माझ्याकडून झाले’ म्हणाली. मला महिन्याने कळले, तेही तिच्या मैत्रिणीकडून. मी फोनवर रडले तर म्हणाली, “आई, रडू नको, ग्रुपवरून काढून टाक.” मी काढला. पण ज्या ज्या फोनात तो गेला तिथून कसा काढणार?

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीला कायदा कुठे लागतो. लागतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एच.आय.व्ही.ची लागण असल्याची गोष्ट त्या माणसाच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे गर्भपात करून घेतलेल्या बाईचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवा. आपल्या गल्लीत सांगायचे, तर मुलगी सुटीत आली की ओट्यावर बसून आपण तिला काय विचारतो? “अमक्याची सून तुमच्याकडं आली होती म्हणे, काय झालं होतं गं तिला?” मीही विचारीत असे. स्वयंपाक करता करता सहज. पोर ताटावर मान खाली घालून जेवायची. मला वाटायचे, शिकून शिष्ट झाली.

आता कोणी विचारले तर ती हसून म्हणते, “मावशी, चहा टाकू का?” आणि मी आतून साखरेचा डबा काढते.

यंदा आपल्या गल्लीतल्या दोघी मुली हा फॉर्म भरणार आहेत, असे कळले. कागदांची यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवली आहे. दुपारी तीननंतर कोणीही यावे. काविळीच्या लसीचे पहिले इंजेक्शन निकालाची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून घेतले तरी चालते, म्हणजे प्रवेशाच्या गडबडीत राहून जात नाही. आज आपल्याकडे फोटो काढणारा मुलगा आला आहे, त्याला मी विनंती केली आहे की मागच्या रांगेत तपासणी शिबिरासाठी बसलेल्या बायकांकडे कॅमेरा फिरवू नये. तो बरे म्हणाला आहे.