खोटी नोट कोणाच्या पदरांत?

मकरसंक्रांतीला सोलापुरांत श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. दिवेलागण झालेली, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली. अशा वेळीं खेळणीं विकणारा नोट निरखून पाहणार कधीं? खोट्या नोटेला अशीच घाई मानवते.

नोट बनविणाऱ्याचा डोळा मोठ्या रकमेवर असतो. श्रम तेच, लाभ अधिक. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें ब्रिटिश नोटा इतक्या हुबेहूब छापल्या कीं, १९४३ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें दहा पौंडांच्या व त्यांहून मोठ्या नोटा काढणें थांबविलें. आपल्याकडे २०२३ सालीं २००० च्या नोटा चलनांतून काढून घेण्याचें ठरलें. तेव्हांपासून व्यवहारांतील मोठी नोट ५०० चीच.

बँकेंत नोट खोटी ठरली कीं तिच्यावर शिक्का बसतो व ती जप्त होते. हातीं पावती मिळते, पैसे मिळत नाहींत. विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरींत अशी नोट आली, तर तो घाव चुलीपर्यंत पोंचतो. म्हणूनच ती मुकाट्यानें पुढें सरकविण्याचा मोह होतो. परंतु खोटी आहे हें ठाऊक असतां नोट चालविणें हा गुन्हा आहे. फसलेला त्या क्षणीं फसविणारा होतो.

तेव्हां घेतांनाच नोट उजेडासमोर धरावी. कागदांत गांधीजींची छाया दिसली पाहिजे. ५०० ची नोट तिरपी करतांच तिच्यांतील हिरवा धागा निळा दिसतो. घेतांना क्षणभर थांबणाऱ्यावर पुढें त्या मोहाशीं झगडण्याची पाळी येत नाहीं.