पर्यायी मार्ग

'रस्ता बंद, पर्यायी मार्गाने जावे' ही पाटी पुणे-सोलापूर महामार्गावर दिसली, की मोटारवाला जरा कुरकुरतो आणि वळसा घेतो. उजनीच्या फुगवट्याकाठी मात्र हा वळसा फार लांबचा असतो.

१९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या दोन तीरांवरची गावे एकमेकांना दुरावली. करमाळ्याच्या पश्चिम भागाला पुणे जिल्ह्याशी जोडणारा डिकसळचा पूल ब्रिटिशांच्या काळातला, मूळचा रेल्वेचा. रूळ दुसरीकडे गेले, पूल रस्त्याच्या कामी आला. २०२३ मध्ये त्याचा काही भाग ढासळला आणि जड वाहने थांबली.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. रस्ता लांबचा, म्हणून माणसे पाण्यावरून जातात. पाटीवर न लिहिलेला पर्यायी मार्ग तो हा.

दुरुस्ती हवीच. रहदारी कमी म्हणून ती रात्री करणेही शहाणपणाचे. पण गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, आणि अडलेली बाळंतीण उजाडायची वाट पाहत नाही. म्हणून सूचना आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगितली जावी. रस्ता कुठून कुठवर बंद, किती वाजेपर्यंत, वळसा किती किलोमीटरचा, रुग्णवाहिकेने कुठून जावे, हे सारे तिच्यात असावे.

रस्ता बंद असल्याचे माणसाला घरी कळावे, रस्त्यावर नव्हे.