गुळवेल हा आपला पुरावा

(जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात वाडीवरच्या बैठकीत झालेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



बसलोय दाव्यांचं बोलायला, पण सुरुवात गुळवेलीपासून करू. मागच्या पंधरवड्यात आपल्या दोन बायांचा गुळवेलीचा भारा नाक्यावर अडवला. पास कुठाय म्हणून विचारलं. बाया भिऊन भारा तिथंच टाकून माघारी आल्या. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याची माणसं टेम्पो भरून वेल घेऊन गेली. त्यांना कुणी हटकलं नाही. आपणही नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.

गुळवेल तुम्हाला ओळखायला शिकवावी असं नाही. पण आता शाळेतली पोरं भलतीच वेल तोडून आणतात, म्हणून एकदा सांगतो. पान विड्याच्या पानासारखं. खोडावर कागदासारखी पातळ साल, नखानं खरवडली की खाली हिरवं. आडवं कापलं तर आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात, फळ पिकलं की लाल. चव कडूजहर. कडुलिंबावर चढलेली असेल तर जुनी माणसं तिलाच चांगली म्हणायची.

तापाला काढा आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. सत्व काढणारीही काही घरं अजून आहेत: खोड ठेचून पाण्यात कालवायचं, गाळायचं, रातभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. तळाला पांढरं बसतं ते वाळवायचं. पाटीभर वेलीतून मूठभर निघतं, म्हणून त्याला मोल. पण एक ऐका. औषध आहे म्हणून रोज तांब्याभर प्यायचं नाही. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायांनी, कावीळ होऊन गेलेल्यांनी दवाखान्यात विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता तोडणीचं. टेम्पोवाल्यांनी वेल मुळासकट उपटली. आपण कधी तशी तोडत नाही. खालून हात-दीड हात सोडून कापायची, म्हणजे पुन्हा फुटते. वर झाडात राहिलेला तुकडासुद्धा मुळं खाली सोडून जगतो, अमृता नाव काय उगीच पडलं नाही. दोन पेरांची कांडी पावसाळ्यात लिंबाखाली खोवली तर लागते. हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या हातात रान राहिलं पाहिजे. आपला दावा तरी दुसरा काय आहे?

२००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळं, कंद नाव घेऊन धरतो. गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आणि मालकी, कलम ३(१)(ग). कुणीतरी सांगत फिरतंय की परभणी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून इथं काही मिळत नाही. अर्धं खरं आहे. पेसा इथं लागू नाही, मराठवाड्यात तो किनवटकडं आहे. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. आंध समाज जिंतूरच्या डोंगरात असो की कळमनुरीच्या, दावा करू शकतो.

पासाचंही ऐका. २०१२ साली नियम बदलले. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेला माणूस देतो, आणि गोळा करण्यावर कसलीही फी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या पासासाठी भांडावं लागलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा पासबुक ग्रामसभेच्या हातात पडलं. त्यांचा बांबू, आपली गुळवेल. पण त्यांनी आधी दावा केला होता. आपण जमिनीचे वैयक्तिक दावे भरले आणि सामूहिक दाव्याचा कागद कोराच ठेवला. ही चूक आपलीच, कार्यकर्त्यांचीही.

सामूहिक दाव्याला पुरावा काय, म्हणून लोक घाबरतात. सातबारा कुठून आणायचा? सातबारा लागतच नाही. नियम १३ मध्ये चराईची रानं, कंदमुळं गोळा करायच्या जागा, पाणवठे, देवाची झाडं, आणि वैदू लोक औषधी गोळा करतात ती ठिकाणं, हे सगळं पुराव्यात लिहिलेलं आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं तोंडी सांगणं लिहून घेतलं तर तेही चालतं. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. म्हणजे कुठल्या नाल्याला कुठल्या लिंबावर गुळवेल आहे हे ज्या आजीला ठाऊक आहे, तिचं बोलणं हा दस्तऐवज आहे. तिचा अंगठा घ्या, तारीख घाला, साक्षीदार घ्या.

तर येत्या अमावस्येच्या आत तीन-चार म्हातारी माणसं आणि दोन लिहिणारी पोरं रानात फिरतील. जागांची नावं आपल्या बोलीत जशी आहेत तशीच लिहायची, सुधारायची नाहीत. मग ग्रामसभा. निम्मे लोक हजर पाहिजेत आणि त्यात तिसरा हिस्सा बाया, नाहीतर ठराव वरच्या समितीत अडकतो. तोवर व्यापारी आला तर कुणी एकट्यानं भाव ठरवायचा नाही. ज्या दोन बायांचा भारा गेला, त्यांना रानफेरीत पुढं ठेवा. वेल कुठून तोडली ते त्यांनाच दाखवता येईल.