न खाकरता अंगणात

गावाकडे दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकण्याआधी माणूस बाहेरूनच खाकरतो. नाहीतर "आहे का कोणी घरात?" असा आवाज देतो. आतली बाई पदर सावरते, न्हाणीतला माणूस दार ओढून घेतो, बाजेवर आडवे झालेले आजोबा उठून बसतात. दोन क्षणांची ती सवड घरातल्यांच्या हक्काची असते. ड्रोन ती देत नाही. त्याची घरघर ऐकून मान वर होईपर्यंत फोटो निघालेला असतो. हौशी ड्रोन छायाचित्रणाचा विचार या खाकरण्यापासूनच सुरू करायला हवा. ड्रोनच्या नियमावलीत वजन आहे, उंची आहे, विमानतळापासूनचे अंतर आहे. हे खाकरणे, एवढी एकच गोष्ट तिच्यात नाही.

उंचावरून पाहण्याची ओढ तशी जुनी. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून फोटो काढले. ते आज उपलब्ध नाहीत. पण १८६० मध्ये बलूनमधूनच काढलेला बोस्टन शहराचा फोटो टिकून आहे. पुढे १९०८ च्या सुमाराला एका जर्मन औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीवर छोटे कॅमेरे बांधले. महाराष्ट्रात २०१० साली उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक आले आणि आपले किल्ले आकाशातून कसे दिसतात हे अनेक मराठी घरांनी प्रथमच पाहिले. त्या फोटोंसाठी हेलिकॉप्टर लागले होते. त्यानंतर दहाच वर्षांत ही उंची कोणाच्याही पाठपिशवीत मावू लागली. २०१९ च्या अखेरीस बाजारात आलेल्या एका ड्रोनचे वजन होते २४९ ग्रॅम, म्हणजे साधारण एका हापूस आंब्याएवढे.

या छंदाने दिलेले धन मोठे आहे, हे आधीच मान्य करायला हवे. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहून तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज तुकड्यातुकड्याने कळतात. वरून पाहिले की बांधणाऱ्याची अख्खी योजना एका नजरेत येते. सिंधुदुर्गाचा तट खडकाच्या काठाने वळणे घेत कसा जातो, हे किनाऱ्यावरून कितीही वेळा पाहिले तरी पुरते उमगत नाही. जे तरुण पहाटे उठून, बॅटऱ्या अंगाशी गरम ठेवून हे टिपायला गड चढतात, त्यांना हुल्लडबाज म्हणणे अन्यायाचे होईल.

आता नियमांकडे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोनवर सरसकट बंदी घातली. २०१८ मध्ये पहिली नियमावली आली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे ड्रोन नियम लागू झाले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. हौसेसाठी हे दोन्ही उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला मात्र २५० ग्रॅमची रेषा ओलांडली की ते लागते. आकाशाचे तीन रंग ठरवले आहेत. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडता येते; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा ६० मीटर होते. त्याहून जवळ गेले की पिवळा पट्टा लागतो, तिथे हवाई नियंत्रकांची परवानगी हवी. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही.

कागदावर हे सोपे वाटते, पण पुण्यासारख्या शहरात ते फार गुंतागुंतीचे होते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीत दारूगोळ्याचा कारखाना, मध्ये लष्कराची छावणी. नकाशा न उघडता गच्चीवरून ड्रोन सोडणारा इथे बहुधा चुकतोच. मुंबईत याच्या जोडीला पोलिसांचे मनाई आदेश असतात. एप्रिल-मे २०२५ मध्ये असेच आदेश निघाले, आणि त्यांत ड्रोनबरोबर पॅराग्लायडरही होते. नकाशावर हिरवा असलेला भाग अशा आदेशाने काही काळ बंद होऊ शकतो.

हवेची परवानगी आणि जमिनीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत. वरचे आकाश हिरवे असले तरी तिथे ड्रोन उडवण्यासाठी खात्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात वनखात्याची लागते, आणि ती रास्तच आहे. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळला. भेदरलेले हजारो पक्षी उडून गेले ते परतलेच नाहीत. दीड हजारांच्या आसपास अंडी वाळूत तशीच पडून राहिली.

हे सगळे नियम विमाने, लष्करी ठाणी, स्मारके, पाखरे यांच्यासाठी आहेत, आणि ते हवेतच. घरातल्या माणसासाठी मात्र कायद्यात काय आहे?

याचे उत्तर शोधताना एकोणिसाव्या शतकातला एक कायदा समोर येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमात एक उदाहरण दिले आहे: ज्या गावात तशी रूढी असेल, तिथे शेजाऱ्याच्या घरातला एरवी कोणाच्या नजरेस न पडणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने अशाच एका शेजाऱ्यांच्या भांडणात खासगीपणाचा रूढीसिद्ध हक्क मान्य केला. मुंबईच्या उच्च न्यायालयानेही त्याआधी गुजरातेतल्या या रूढीची दखल घेतली होती. म्हणजे 'प्रायव्हसी' हे पाश्चात्त्य खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना आपल्या आज्या-पणज्यांचा माजघराचा आग्रह ठाऊक नाही. मागचे परसू, उंच कुंपणभिंत, चौकाकडे तोंड केलेली घरे, हा सगळा खासगीपणाचाच बंदोबस्त होता. तो आडव्या नजरेसाठी होता. वरून फक्त ऊन, पाऊस आणि कावळे येत.

भीती किती बाळगावी, याचा हिशेबही करायला हवा. साध्या रुंद भिंगाचा ड्रोन १२० मीटरवरून खाली पाहतो तेव्हा सुमारे १८० मीटर रुंदीची जमीन त्याच्या फोटोत येते. फोटो ४००० बिंदू रुंद धरला तर एक बिंदू साडेचार सेंटिमीटरचा होतो. माणसाचे डोके अशा चार-पाच बिंदूंत संपते. चेहरा ओळखू येणे शक्य नाही. तोच ड्रोन २० मीटरवर उतरला की बिंदू पाऊण सेंटिमीटरचा होतो, आणि मग दोरीवरचे कपडे, खाटेवरचा आजारी माणूस, परसातली न्हाणी सगळे उघडे पडते. दूरचे पाहणारे भिंग असेल तर उंचीचाही आधार उरत नाही. आपल्या नियमांत वरची मर्यादा काटेकोर आहे; पण घराच्या छपरापासून किमान किती अंतर राखायचे, ही खरी गरजेची मर्यादा हौशी माणसाला कोणी सांगत नाही.

आणि खालच्या माणसाला वरचा कोण, हे कळत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा बातम्या येत होत्या. चोर टेहळणी करतात, असा बोलबाला झाला आणि लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले. अफवांवर विश्वास ठेवू नका, असे पोलिसांना सांगावे लागले. त्या भीतीला हसू नये. अंधारात डोक्यावर लाल-हिरवा दिवा थांबलेला असताना तो सर्वेक्षणाचा, हौशी पोराचा की चोराचा, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्या शेतकऱ्याकडे नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्र्याला ठाकरे यांच्या 'मातोश्री' या घरावर ड्रोन दिसला, तेव्हा तो परवानगी घेऊन केलेल्या सर्वेक्षणाचा होता, असा खुलासा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) केला. ती परवानगी पोलिसांकडून घेतलेली होती. ज्याच्या खिडकीसमोरून ड्रोन जाणार, त्या घराला ती आधी कळवण्याची रीत अजून पडलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते तीन वर्षांची कैद सांगते. पण गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या आजींचा फोटो त्या कलमात बसत नाही, दुःखाच्या दिवशी दारात जमलेल्या माणसांचाही नाही. २०२३ चा विदा संरक्षण कायदा तर एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कामासाठी गोळा केलेल्या माहितीला लागूच होत नाही. युरोपात एक शहाणपण दाखवले गेले: ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असला, तरी त्याला कॅमेरा असेल आणि तो निव्वळ खेळणे नसेल, तर उडवणाऱ्याला नोंदणी करावी लागते. आपले नियम सवलत ठरवताना वजन पाहतात. डोक्यावर पडणाऱ्या वस्तूसाठी ते योग्य आहे. डोकावणाऱ्या वस्तूसाठी वजन हे मापच नव्हे.

आधी सांगून उडणे जमत नाही, असे कोणी म्हणू नये, कारण या राज्यात ते मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना देशभर जाहीर झाली. त्या ड्रोनला तर प्रत्येक छप्पर, प्रत्येक परसू पाहायचेच होते. तरी तो येण्याआधी ग्रामसभा होते, कशासाठी आणि केव्हा उडणार ते सांगितले जाते, आणि घराघराच्या हद्दीवर चुना टाकला जातो. लोक स्वतः दाखवतात, इथपासून इथपर्यंत आमचे. ती पांढरी रेघ ओढून झाल्यावर ड्रोन वर चढतो.