बिल्ला कुणाच्या नावाचा?



शेण काढणं, वैरणपाणी, धारा, शेळीचं बाळंतपण हे सगळं कोण करतं, ते सांगायला मी इथं उभी नाही. जनावर मेल्यावर काय होतं, त्यावर मला बोलायचंय.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला. जनावरं दावणीलाच बुडाली, दावं सोडायलाही वेळ मिळाला नाही. मदतीचे दर ठरलेले होते. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १००. एका घराला तीनच मोठ्या दुभत्या जनावरांची मर्यादा होती, ती ऑक्टोबरात राज्य सरकारने उठवली. चांगलंच झालं. पण पैसे कुणाच्या हातात पडले, हे कुणी विचारलं का?

पंचनाम्याला तलाठी येतात, ग्रामसेवक येतात, जनावरांचे डॉक्टर येतात. पहिला प्रश्न, "मालक कुठंय?" अशा एका पंचनाम्याला मी उभी होते. गाय कितव्या वेताची, विचारल्यावर नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिने वेत सांगितलं, दूध सांगितलं, गाभण कधी राहिली तेही सांगितलं. कागदावर नाव लागलं त्याचं. रक्कमही त्याच्याच खात्यात.

शेळ्यांचं तर विचारूच नका. बचत गटाचं कर्ज काढून बाई शेळ्या घेते. शेळ्या वाहून जातात, हप्ता तिच्या डोक्यावर राहतो आणि मदत जाते घरच्या पुरुषाच्या नावावर. माहेरी राहणाऱ्या परित्यक्तेच्या शेळ्या भावाच्या नावावर निघतात. तिने कुणाकडे मागायचं?

यावर एक वाट आहे, म्हणून हे बोलतेय. १ जून २०२४पासून आपल्या राज्यात जनावराच्या कानात बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ला नसेल तर आपत्तीची मदत नाही, असा शासनाचा निर्णय आहे. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो आणि त्या नंबरापुढे मालकाचं नाव नोंदलं जातं. आता बघा, सात-बाऱ्यावर बाईचं नाव लावायचं म्हटलं की सगळी भावकी उठते. जनावराला सात-बारा नसतो! जमीन नसलेली बाईसुद्धा गाईची मालकीण म्हणून नोंदवता येते. नाव आधीच दुसऱ्याचं लागलं असेल, तर मालकी बदलल्याची नोंद जनावरांच्या दवाखान्यात करून घ्या. मोबाईल नंबर मागतात, तोही बाईचाच द्या. तिच्याकडे फोन नसतो ही अडचण खरी आहे, तिथं गटाने काहीतरी सोय करायला हवी.

घरातून एक उत्तर हमखास येईल, "पैसा घरातच येणार ना, मग नाव कुणाचं का असेना." मग तिच्या खात्यात आला तरी घरातच आला की!

बिल्ला मारायला माणूस येतो तेव्हा जनावराचं तोंड धरून बहुतेक बाईच उभी असते. तेव्हाच नाव सांगायचं. आणि सगळ्या जनावरांचे नंबर वहीत उतरवून गटाच्या दप्तरात ठेवा. पुरात वाहून गेलेल्या गाईचं धूड सापडत नाही, आणि पंचनाम्याला दाखवायला काहीतरी लागतं.