पहिलीच्या वर्गातला आठवडा

आम्ही गटातल्या काही जणी मागचा आठवडाभर आळीपाळीनं गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, पहिलीच्या वर्गात बसलो. घरोघरी एकच तक्रार होती : वही कोरी, म्हणजे शिकवत नाहीत.

सोमवारी फळ्यावर म, क आणि काना, एवढंच. पण तेवढ्यातनं पोरांनी काका, मामा, मका, काम असे शब्द केले. बाराखडी संपायची वाट कुणी बघितली नाही.

खरी अडचण गणितात. 'तेवीस' म्हणताना तीन आधी, वीस मागून; लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून पोर ३२ लिहितं अन् घरी धपाटा खातं. बाईंनी दहा-दहा तुराट्यांच्या दोन जुड्या बांधल्या, शेजारी तीन सुट्या ठेवल्या. चार दिवस तेच. शुक्रवारी बहुतेकांचं २३ बरोबर आलं. अंगठा उठवणारी आमची एक मावशीही मोजायला बसली. पेंढ्या मोजून तयार झालेला हात, ती पोरांच्याही पुढं!

२०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि अंकांची जाण एवढंच मागितलंय, भरलेली वही नाही.

पुढच्या बैठकीला मूठभर तुराट्या अन् सुतळी आणा. बचतीचे हप्ते जमा झाले की जुड्या बांधायला बसू.